सोलापूरच्या उन्हात सहा सिलिंडर: गाडीची ताकद वाढवावी का?

सोलापुरात सहा सिलिंडरच्या स्पोर्ट्स गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्या, तरी त्यांच्या मालकांना पडणारा प्रश्न बहुधा एकच असतो. गाडी घेऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात, वॉरंटी संपत आलेली असते, आणि पुण्याचा किंवा हैदराबादचा एखादा ट्यूनर, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणारा कारागीर, सांगतो की इंजिन न उघडता, नुसता लॅपटॉप जोडून, तासाभरात साठ-सत्तर बीएचपी (अश्वशक्ती) वाढवून देतो. मग गाडी त्याच्या हाती द्यावी की नाही? इंजिन कोणत्या जातीचे आहे, टाकीत कोणते पेट्रोल जाते, बाहेरची हवा किती तापलेली असते आणि कायदा काय म्हणतो, हे सारे एकत्र पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. सोलापुरात रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीची कमाल ताकद वाढवू नये. त्याऐवजी कंपनीने दिलेली ताकद मे महिन्यातल्या दुपारीही पूर्ण हाती यावी, यासाठी पैसा आणि लक्ष खर्च करावे. असे म्हणण्यामागची कारणे आता क्रमाने मांडतो.

इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी हवेचा हिशेब असतो. पेट्रोल हवे तितके फवारता येते, परंतु एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि ती हवा सिलिंडरमध्ये कोंबणे हेच खरे अवघड काम आहे. तीन लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेते. म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्या होत असताना, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेले असे इंजिन मिनिटाला सुमारे नऊ घनमीटर हवा ओढते. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानाला एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२५ किलो असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे, आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा तेच वजन १.०५ किलोवर येते. नऊ घनमीटर हवेचे वजन एकीकडे अकरा किलो, तर दुसरीकडे साडेनऊ किलोच्या आतबाहेर भरते. इंजिन तेच, पेट्रोल तेच, तरी हवा चौदा टक्के कमी, आणि म्हणून ताकदही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी. जाहिरातीच्या पत्रकावरचा बीएचपीचा आकडा ठरावीक तापमानाला आणि दाबाला मोजलेला असतो, ही गोष्ट आपल्याकडे फारच क्वचित लक्षात घेतली जाते.

टर्बो नसलेल्या सहा सिलिंडर इंजिनांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पोर्शच्या ७१८ केमन जीटीएस ४.० सारख्या गाडीत चार लिटरचे, आडव्या मांडणीचे इंजिन असते, आणि त्याच्या अभियंत्यांनी हवेची वाट, व्हॉल्व्हच्या वेळा आणि एक्झॉस्टची लांबी आधीच इतकी नेमकी बसवलेली असते की बाहेरून बसवलेल्या फिल्टरने, सायलेन्सरने आणि रिमॅपने (इंजिनाच्या संगणकातला तक्ता बदलण्याने) मिळून जेमतेम काही टक्के वाढ होते. आवाज मात्र खूप वाढतो, आणि वाढलेल्या आवाजालाच मालक वाढलेली ताकद समजतो. अशा इंजिनाला हात लावू नये, इतके सांगून पुढे जातो.

खरा मोह टर्बो इंजिनाचा आहे. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय २०२१ पासून भारतातच जुळवली जाते. तिच्यातले बी ५८ हे इंजिन २९९८ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आहे. भारतात ती आली तेव्हा ३८७ बीएचपी आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) देत असे, आणि पुढच्या सुधारित रूपात हा आकडा ३७४ बीएचपी झाला. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांची रचना मुळातच समतोल असते. पिस्टनांचे वरखाली होणारे धक्के एकमेकांना पूर्ण छेदतात, दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटतो, आणि त्यामुळे असे इंजिन चढत्या फेऱ्यांतही थरथरत नाही. टर्बोमुळे हवा किती दाबाने आत जावी हे संगणकाच्या हाती असते. संगणकातला तक्ता बदलला की दाब वाढतो, दाब वाढला की हवा वाढते, आणि हवा वाढली की ताकद वाढते. म्हणूनच एकही नट न सैल करता साठ-सत्तर बीएचपी मिळतात, आणि हा दावा खोटाही नसतो.

मग कंपनीनेच ही ताकद का दिली नाही? कंपनी गाडी जगभर विकते. वाळवंटात, बर्फात, बऱ्या-वाईट पेट्रोलवर, दुर्लक्ष करणाऱ्या मालकाच्या हाती, आणि तरीही वॉरंटीच्या काळात इंजिन फुटू नये म्हणून ती हातचे राखून ठेवते. हे राखलेले अंतर फुकट गेलेले आहे असे ट्यूनर सांगतात. माझ्या मते तेच आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या मालकाचे संरक्षण आहे. कंपनी स्वतः ताकद वाढवते तेव्हा काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. टोयोटाची सुप्रा याच बी ५८ इंजिनावर चालते. अमेरिकेत २०२० च्या सुप्राची ताकद ३३५ अश्वशक्ती होती, ती २०२१ च्या मॉडेलमध्ये ३८२ झाली. त्यासाठी केवळ संगणकाचा तक्ता बदलला नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र आणणारी नळी) नव्या रचनेचा घातला, पिस्टन बदलले आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ११ वरून १०.२ वर आणला. सत्तेचाळीस अश्वशक्तींसाठी ज्यांनी इंजिन घडवले त्यांनाच पिस्टन बदलावेसे वाटले, आणि आपण जवळपास तितकीच किंवा जास्त वाढ जुन्याच पिस्टनांवर नुसत्या लॅपटॉपने घेऊ पाहतो, ही गोष्ट गाडी ट्यूनरकडे नेण्याआधी शांतपणे विचारात घ्यावी.

कॉम्प्रेशन कमी का केले, हे समजले की सारा विषयच उलगडतो. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, तेच टर्बोमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडते. बाहेर १५ अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, आणि टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १०५ अंशांना पोहोचते. बाहेर ४२ अंश असतील तर तीच हवा १४० अंशांपर्यंत जाते. म्हणजे बाहेरचा सत्तावीस अंशांचा फरक आत पस्तीस अंशांचा होतो. ही हवा थंड करण्याचे काम इंटरकूलरचे, परंतु इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही, आणि बी ५८ सारख्या इंजिनात इंटरकूलर पाण्यावर चालतो. ते पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये पुन्हा थंड व्हावे लागते. एक-दोनदा जोरात गाडी पळवली की ते पाणी तापते, आणि सोलापूरच्या दुपारी ते निवायला बराच वेळ लागतो. त्यातच इथली हवा मुळात विरळ असल्याने, तितकाच दाब देण्यासाठी टर्बोला मुंबईपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागते. यावर रिमॅपने आणखी दाब मागितला, तर टर्बो आपल्या क्षमतेच्या टोकाला जातो, आणि तिथे तो हवेपेक्षा उष्णताच अधिक तयार करतो.

तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंगचा धोका निर्माण होतो. स्पार्क प्लगने लावलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेले मिश्रण स्वतःहून, एकदम भडकते, आणि पिस्टनावर हातोडा मारल्यासारखा दाब येतो. आजच्या इंजिनांवर नॉक सेन्सर असतात. ते हा ठोका ओळखून ठिणगी उशिरा टाकायला लावतात. ठिणगी उशिरा पडली की ताकद घटते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. म्हणून रिमॅप केलेल्या गाडीत एक विचित्र स्थिती येते: डिसेंबरच्या पहाटे ती खरोखरच साठ बीएचपी जास्त देते, आणि मे महिन्यात संगणक इतकी माघार घेतो की मूळ गाडीशी फरक जाणवेनासा होतो, शिवाय टर्बो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापतात ते वेगळेच. काही ट्यूनर तर आकडा मोठा दिसावा म्हणून नॉक सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून ठेवतात. त्याचा पुरावा प्लग काढल्यावर दिसतो. पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके असतात, आणि भिंग धरले तर त्यांत बारीक चकाकणारे कणही दिसतात. ते चकाकणारे कण पिस्टनाच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात. असे प्लग दिसले, तर इंजिन बाहेरून कितीही सुरळीत चालत असले तरी आत झीज सुरू झालेली आहे असे समजावे.

पेट्रोलच्या बाबतीत एक गफलत इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही. परदेशी ट्यूनर आपल्या फाइलवर, म्हणजे संगणकात भरायच्या तक्त्यावर, ‘९१ ऑक्टेन’ किंवा ‘९३ ऑक्टेन’ असे लिहितात, आणि आपल्याकडचा मालक समजतो की हा आकडा आपल्या पंपावरच्या आकड्यासारखाच मोजलेला आहे, तेव्हा ही फाइल चालेल. परंतु अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, तर भारतात पंपावर सांगितला जाणारा आकडा ‘रिसर्च ऑक्टेन’ या एकाच चाचणीचा असतो. अमेरिकेतले ९१ म्हणजे आपल्या मोजणीने साधारण ९५ ते ९६, आणि तिथले ९३ म्हणजे जवळपास ९८. जी ‘९१ ची फाइल’ समजून गाडीत भरली, ती प्रत्यक्षात चार-पाच ऑक्टेन जास्त गृहीत धरणारी निघते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल देशात मिळते, पण मोजक्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर. ते पिंपांतून आणून रोजची गाडी चालवणे व्यवहार्य नाही, आणि घरात पेट्रोल साठवणे धोक्याचे आहे.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत तयार होते, म्हणून त्याविषयी सोलापुरात आपुलकी आहे आणि तक्रारीही आहेत. ताकदीच्या दृष्टीने पाहिले, तर इथेनॉलचा ऑक्टेन उंच असतो आणि ते बाष्प होताना मिश्रण थंड करते, म्हणजे नॉकिंगच्या विरोधात ते मदतच करते. परंतु एक किलो इथेनॉलला जळण्यासाठी फक्त नऊ किलो हवा लागते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते, आणि तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन फवारावे लागते. मूळ गाडीत इंधनपंप आणि इंजेक्टर यांच्याकडे एवढी सवड सहसा असते. रिमॅपने हवा वीस टक्के वाढवली आणि इंधनाची गरज त्यावर आणखी नऊ टक्क्यांनी वाढली, की उच्च दाबाचा इंधनपंप कमी पडू शकतो. पूर्ण दाबाखाली इंधन कमी पडणे हा इंजिन जाळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. म्हणून शुद्ध किंवा दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी परदेशात बनवलेली फाइल जशीच्या तशी इथे घालणे मला सरळसरळ चुकीचे वाटते.

वाढवलेली ताकद वापरायची कुठे, हाही प्रश्न आहेच. हवेचा विरोध ओलांडण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताकद वीस टक्के वाढवली, तर कमाल वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो. एम ३४० आय मुळातच साडेचार सेकंदांच्या आत शंभराचा वेग गाठते, आणि तिथे अडसर असतो तो टायरच्या पकडीचा. इंजिन कमी पडत नाही. याउलट थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ती सारी ब्रेकमध्येच जिरवावी लागते. पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी आहे हे खरे, पण गळीत हंगामात टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात रात्री ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना संथपणे चाललेल्या असतात, दुभाजकाच्या फटीतून दुचाकी अचानक पुढे येतात, आणि उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर ही कोणालाच आश्चर्याची गोष्ट वाटत नाही. त्या रस्त्यावर ३७४ बीएचपी पूर्ण वापरण्याची जागाच नाही, आणि यापुढची प्रत्येक वाढ दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारी आहे, हे मी कोणताही संकोच न ठेवता सांगतो.

कायदा या बाबतीत अनेकांना वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि नोंदणीच्या अर्जात सिलिंडरांची संख्या, अश्वशक्ती आणि इंजिनाची क्षमता या सगळ्यांचा समावेश असतो. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलाशी विसंगत बदल ग्राह्य धरता येणार नाहीत, अशीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप घातला, तर आवाज आणि धूर यांबद्दल कलम १९० लागते, आणि तिथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकते. एमएच १३ पासिंगची लालभडक स्पोर्ट्स गाडी सात रस्त्यावर फटाके फोडत निघाली, तर ती कोणाच्या नजरेतून सुटणार आहे? विम्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या हाती लागला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाण्याची दाट शक्यता असते, आणि अशा गाडीचा एक पुढचा दिवा बदलण्याचा खर्चही साध्या गाडीच्या मोठ्या दुरुस्तीइतका येतो. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाते. मूळ फाइल परत भरली तरी संगणकात बदलाची खूण राहू शकते.

मग काय करावे? आहे ती ताकद टिकवण्याचे काम वाटते तितके क्षुल्लक नाही, आणि त्याने गाडीत पडणारा फरक सोलापुरात रिमॅपपेक्षा अधिक काळ टिकतो. पुढच्या बंपरमागे एसीचा कंडेन्सर, इंटरकूलरच्या पाण्याचा रेडिएटर आणि इंजिनाचा रेडिएटर एकामागे एक असतात. हंगामभर महामार्गावर चालल्यावर त्यांच्यामधल्या फटींत माती, किडे आणि पाचटाचे तुकडे घट्ट बसतात, आणि समोरून पाहिल्यावर ते दिसतच नाहीत. पुढचा भाग सैल करून, कमी दाबाच्या पाण्याने, आतून बाहेर अशा दिशेने ते धुऊन घेतले, की उन्हाळ्यात आत जाणाऱ्या हवेचे तापमान लक्षात येण्याइतके खाली येते. जोराचा फवारा मारू नये. जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. इंटरकूलरच्या पाण्यात हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर पंप चालू असूनही पाणी फिरत नाही, म्हणून कूलंट बदलल्यावर हवा काढण्याची नेमून दिलेली पद्धत पूर्ण करून घ्यावी. इंजिन ऑइल कंपनीच्या लांबलचक मुदतीपर्यंत न थांबता, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर बदलावे. स्पार्क प्लग मुदतीआधी बदलण्यात काही हजार रुपये जातात, आणि त्या वेळी जुने प्लग पाहून इंजिनाची प्रकृतीही कळते. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल सातत्याने, एकाच खात्रीच्या पंपावरून भरावे.

ब्रेक ऑइलकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, पण ते हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि ओलसर झाल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. ऑइल उकळले की पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. कमी चालणाऱ्या स्पोर्ट्स गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे तर लवकरच. नवे, चांगल्या प्रतीचे टायर आणि अचूक अलाइनमेंट यांनी गाडी जितकी बदलते, तितकी ती साठ बीएचपींनी बदलत नाही. वळणावर, ओल्या रस्त्यावर आणि अचानक ब्रेक लावताना हे पहिल्याच दिवशी कळते.

रिमॅपला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेण्यासाठी वेगळी गाडी बाळगण्याची ज्याची ऐपत आहे, आणि जो ती ट्रकवर चढवून नेणार आहे, त्याने जरूर करावे. पण तेव्हाही क्रम उलटा असावा: आधी थंड करण्याची व्यवस्था, मग ब्रेक, मग टायर, मग गिअरबॉक्सला हा टॉर्क झेपतो का याची खात्री, आणि सर्वांत शेवटी संगणकाचा तक्ता. ट्यूनरकडून कमाल बीएचपीचा कागद मागू नये. डायनोवरचा (ताकद मोजण्याच्या यंत्रावरचा) तो एक आकडा तापमानाची दुरुस्ती लावून हवा तसा सुंदर करता येतो. त्याऐवजी सलग पाच-सहा वेळा पूर्ण दाबाखाली घेतलेल्या नोंदी मागाव्यात: आत जाणाऱ्या हवेचे तापमान, प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी किती मागे ओढली गेली, इंधनाचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब. या नोंदी एप्रिल-मेच्या दुपारी, आपल्याच भागातल्या पंपावरचे पेट्रोल टाकीत असताना घेतलेल्या असाव्यात, आणि मूळ फाइलची प्रत आपल्या हाती दिलेली असावी. जो ट्यूनर या नोंदी दाखवायला तयार नाही, किंवा डिसेंबरच्या रात्रीच्या नोंदी पुढे करतो, त्याच्याकडे गाडीची किल्ली देऊ नये.